गाणे वाजते, पण यंत्र बोलत नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका शिक्षक मैत्रिणीचा सोमवारी दुपारी फोन आला. तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला एक मुलगी आहे. तिला दिसत नाही. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात तिच्यासाठी एक जुना संगणक ठेवलेला आहे. त्यावर लिनक्स आहे आणि ऑर्का नावाचा पडदा-वाचक प्रोग्रॅम आहे. पडद्यावर जे उमटेल ते ऑर्का वाचून दाखवतो, ती हेडफोनमधून ऐकते आणि कळफलकावरून उत्तर देते. रविवारी कोणीतरी उत्साहाने लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. सोमवारी सकाळी यंत्र मुके झाले होते.

"अगं, गंमत म्हणजे गाणे वाजते आहे," मैत्रीण म्हणाली. "ब्राउझरमधून मी स्वतः ऐकले. हेडफोन चांगला आहे. पण मशीन काही बोलत नाही."

गाणे वाजते म्हणजे ध्वनीची बाजू ठीक, तेव्हा दोष ऑर्काचाच, असा सर्वांनी निष्कर्ष काढला होता. ऑर्का दोनदा काढून पुन्हा टाकून झाला होता. फरक शून्य. मुलीची चाचणी पुढच्या आठवड्यात होती आणि तिच्या सगळ्या टिपणवह्या त्या यंत्रात होत्या.

माझे काम पदार्थविज्ञानातले. प्रयोगशाळेतली मोजमापे लिनक्सवरच घेतो, त्यामुळे अशा प्रसंगी ओळखीचे लोक मलाच फोन करतात. जाण्यापूर्वी दोन संध्याकाळी मी या विषयावरचे जेवढे मार्गदर्शन हाती लागले तेवढे वाचून काढले. जुन्या पुस्तिका, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची टिपणे आणि 'आवाज येत नसेल तर हे करा' अशा थाटाच्या याद्या. दुरुस्ती शेवटी अर्ध्या तासात झाली. पण या वाचनाने मला जास्त अस्वस्थ केले. दुरुस्तीविषयीचे लेखन हा विज्ञानलेखनाचाच एक प्रकार आहे आणि त्याची चिकित्सा मात्र कोणी करत नाही. ती येथे करायची आहे.

सर्वांत जास्त आढळतात त्या उपायांच्या याद्या. त्यांचा साचा ठरलेला असतो. ध्वनीची सगळी पॅकेजे काढून पुन्हा टाका. स्वतःच्या कप्प्यातील जुन्या जुळणीच्या फाइली पुसा. स्वतःला 'ऑडिओ' गटात सामील करा. ड्रायव्हरच्या फाइलीत अमुक मॉडेलची ओळ लिहा. यंत्र बंद करून चालू करा. यांतला एकही उपाय खुळा नाही. प्रत्येक उपाय कोणत्या तरी एका बिघाडावर खरोखर लागू पडलेला असतो. अडचण अशी की कोणत्या बिघाडावर, हे यादी सांगत नाही. तापावर, खरजेवर आणि मोडलेल्या हाडावर एकच पुडी देणाऱ्या वैद्याला आपण हसू. येथे मात्र दहा पुड्या एकापाठोपाठ घ्यायला सांगतात आणि दहावीने गुण आला की आपण दहावीचे आभार मानतो.

आधीच्या नऊ पुड्यांचे काय होते? औषध निदान शरीरातून निघून तरी जाते. जुळणीच्या फाइलीत लिहिलेली ओळ कोणी काढली नाही तर तेथेच राहते. ऑडिओ गटाचे उदाहरण घ्या. आजच्या लिनक्समध्ये यंत्रासमोर जो बसला आहे त्यालाच साउंड कार्डाचा ताबा आपोआप मिळतो. कोणाला कायमचे गटात घातले, तर तो समोर बसलेला नसतानाही त्याचा एखादा प्रोग्रॅम कार्ड धरून बसू शकतो. शाळेतल्या संगणकावर आळीपाळीने पाच जण बसतात. तेथे हा उपाय म्हणजे पुढच्या बिघाडाचे बीज आहे. मॉडेलच्या ओळीचेही तसेच. एके काळी ड्रायव्हरला एखाद्या लॅपटॉपची अंतर्गत जोडणी ठाऊक नसायची, म्हणून ती हाताने सांगावी लागे. पुढे ड्रायव्हर ती स्वतः ओळखायला शिकला, तरी जुनी ओळ त्याला आपल्याच समजुतीकडे ओढत राहते.

आता आवाजाचा प्रवास पाहू. तो ठाऊक असल्याशिवाय पुढचे बोलणे हवेत राहील.

ऑर्का पडद्यावरचा मजकूर उचलतो आणि स्पीच-डिस्पॅचर नावाच्या मध्यस्थाकडे देतो. मध्यस्थ तो ईस्पीक-एनजीसारख्या बोलक्या प्रोग्रॅमकडे पाठवतो. (ईस्पीक-एनजी मराठीही बोलतो. स्वर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा असतो, पण सवयीच्या कानाला तो अतिवेगातही कळतो. ही मुलगी ज्या वेगाने ऐकते त्या वेगाने मला एक शब्दही लागला नाही.) अक्षरांचे रूपांतर येथे आकड्यांत होते. सेकंदाला २२,०५० आकडे, प्रत्येक २ बाइटचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० बाइट. हे आकडे कर्नेलपर्यंत न्यायला दोन रस्ते आहेत. एक, ध्वनिसेवकामार्फत. हा सेवक अनेक प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र मिसळतो आणि कोणता आवाज कोठे जावा ते ठरवतो. दुसरा, अल्साच्या लायब्ररीमार्फत थेट. कर्नेलमधला ड्रायव्हर आकडे कंट्रोलर चिपकडे देतो, कंट्रोलर कोडेक चिपकडे. कोडेकमध्ये आकड्यांचा विद्युत्दाब होतो, तो प्रवर्धकातून हेडफोनच्या भोकापर्यंत जातो आणि मग पडदा हलतो.

सात-आठ सांधे झाले. यांतला कोणताही एक निसटला की परिणाम एकच: शांतता. दिवा लागला नाही तर निदान बटण, तार, होल्डर आणि दिवा असे चारच संशयित असतात. येथे संशयित दुप्पट आणि साक्षीदार एकही नाही. म्हणूनच दुरुस्तीच्या लेखनाने पहिले काम करायचे ते साक्षीदार उभे करण्याचे. कोणत्या सांध्यापर्यंत आवाज पोहोचला हे दाखवणाऱ्या चाचण्या द्यायच्या, मग उपाय. या कसोटीवर मला सर्वांत चांगले काय वाटले असेल, तर तीस वर्षांपूर्वीची एक पुस्तिका.

जेफ ट्रँटर यांची 'लिनक्स साउंड हाउटू' १९९० च्या दशकात लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीची होती. तो काळ वेगळा होता. साउंड ब्लास्टर कार्ड विकत आणायचे, पेटी उघडून ते बसवायचे आणि त्याचा पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए वाहिनी १ असे आकडे कर्नेलला सांगायचे. कार्डावरचा जंपर ७ या इंटरप्टवर असेल तर प्रिंटरशी भांडण ठरलेले. कर्नेल स्वतः संकलित करायचा. आज यांतले काहीच करावे लागत नाही, त्यामुळे पुस्तिकेचा तीन चतुर्थांश भाग केवळ इतिहास झाला आहे.

पण तिच्यातले दुरुस्तीचे प्रकरण वाचा. पहिला प्रश्न: तुम्ही तयार केलेला कर्नेलच आता चालू आहे ना? दुसरा: त्यात ध्वनीचा ड्रायव्हर आहे ना? तिसरा: यंत्र सुरू होताना कार्ड सापडले का? चौथा: उपकरणाकडून आकडे वाचता येतात का? क्रम पाहा. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे मिळते, ते कोठे पाहायचे हे सांगितलेले आहे आणि 'नाही' आले तर पुढे जायचे कारणच नाही. चौथ्या प्रश्नाची चाचणी तर मला फार आवडते. ध्वनीच्या उपकरणातून ८ किलोबाइटचे ४ तुकडे वाचून एका फाइलीत साठवायचे. एकूण ३२,७६८ बाइट. उपकरण सेकंदाला ८,००० बाइट देते, म्हणजे वाचन चार सेकंदांत संपायला हवे. पुस्तिका एवढ्या खोलात शिरत नाही, पण हातात घड्याळ धरले तर या एका आज्ञेने कार्डाचे घड्याळ, इंटरप्ट आणि डीएमए तिन्ही तपासली जातात. आज्ञा अडकून बसली तर इंटरप्टची शंका घ्यायची. आठवीच्या मुलाला गुणाकार करून पडताळता येईल अशी ही चाचणी आहे, आणि तिला बोलणारे यंत्र लागत नाही.

पुस्तिकेत दोष नाहीत असे नाही. कर्नेल संकलित करता येतो हे ती गृहीत धरते, आणि ज्याला ते येते त्याला निम्मी मदत लागतच नाही. कार्डांच्या नावांच्या लांबलचक याद्या कंटाळवाण्या आहेत. तरीही ती साध्या मजकुराच्या फाइलीत मिळायची. चित्र नाही, चौकट नाही. ब्रेलमध्ये काढा, मोठ्याने वाचा, सगळे चालते. आजच्या मार्गदर्शनात 'चित्रात दाखवल्याप्रमाणे उजवीकडच्या चिन्हावर क्लिक करा' असे वाक्य तीनदा तरी येते.

मग असे लेखन मागे का पडले? लेखकांची गुणवत्ता घसरली असे म्हणणे सोपे आहे, पण दोष केवळ त्यांचा नाही. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकत राहिली. पहिला ड्रायव्हर ओएसएस, हनू सावोलाइनेन यांचा. त्यात साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रॅमला कार्ड मिळे. १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी अल्साचे काम सुरू केले. डिसेंबर २००३ मधल्या २.६ या कर्नेलमध्ये अल्सा आला आणि ओएसएसवर 'जुना' असा शिक्का बसला. मग ध्वनिसेवक पल्सऑडिओ. फेडोरा ८ ने तो नोव्हेंबर २००७ मध्ये आणि उबुंटू ८.०४ ने एप्रिल २००८ मध्ये स्वीकारला. त्या काळात पल्सऑडिओला खूप शिव्या पडल्या. त्यांतल्या काही रास्त होत्या. मात्र बऱ्याच वेळा तो ड्रायव्हरांना असे काम सांगत होता की जे पूर्वी कोणी सांगितलेच नव्हते, आणि ड्रायव्हरांतल्या जुन्या चुका त्याच्या नावावर खपत होत्या. त्यानंतर विम टायमन्स यांचा पाइपवायर. फेडोरा ३४ मध्ये तो २०२१ साली आला आणि त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली.

प्रत्येक नव्या थराने जुन्या थराची भाषा बोलून दाखवली. अल्साने ओएसएसचे सोंग घेतले, पाइपवायर पल्सऑडिओचे घेतो. सेवकाला नाव विचारले तर तो 'पाइपवायरवरील पल्सऑडिओ' असे उत्तर देतो! या सौजन्यामुळे जुने प्रोग्रॅम चालत राहिले आणि त्यासाठी या मंडळींचे कौतुकच केले पाहिजे. पण याचीच दुसरी बाजू अशी की जुने मार्गदर्शनही अर्धवट चालत राहते. दहा वर्षांपूर्वीच्या यादीतली एक आज्ञा चालते, दुसरी चालल्यासारखी दिसते, तिसरी अशा सेवकाला मारायला जाते जो त्या यंत्रावर आता नाहीच. वाचणाऱ्याला वाटते, आपलेच काही चुकले. ज्या लेखावर तारीख आणि आवृत्ती नाही तो या विषयात वाचू नये, असे मी आता विद्यार्थ्यांना सांगू लागले आहे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे लेखन या गोंधळातून बरेच वाचले आहे. ताकाशी इवाई यांची एचडी-ऑडिओ ड्रायव्हरवरची टिपणे कर्नेलबरोबरच मिळतात. त्यांची सुरुवातच अशी की या यंत्रणेचे दोन भाग आहेत, कंट्रोलर आणि कोडेक. ड्रायव्हरच्या नावात एका प्रसिद्ध कंपनीचे नाव असले तरी तो इतर कंपन्यांच्या कंट्रोलरांनाही लागू आहे, हेही तेथेच सांगून टाकले आहे. कितीतरी लोक 'माझ्याकडे त्या कंपनीची चिप नाही' म्हणून योग्य ड्रायव्हर सोडून देत असतील! पुढचे टिपण मात्र शिक्षकाला झेपणारे नाही. ते सहकाऱ्यांसाठी लिहिलेले आहे आणि तसे ते प्रामाणिकपणे दिसते. ट्रँटर आणि इवाई यांच्यामधली जागा, म्हणजे आजच्या यंत्रणेची, सामान्य वाचकाला पायरीपायरीने नेणारी पुस्तिका, ती मला सापडली नाही.

आता त्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात जाऊ.

गाणे वाजते आणि ऑर्का बोलत नाही, ही तक्रार नीट पाहिली तर तीच एक चाचणी आहे. हेडफोन, कोडेक, कंट्रोलर, ड्रायव्हर हे सगळे गाण्याने निर्दोष ठरवले. ध्वनिसेवकही ठरवला, कारण ब्राउझर त्याच्याच रस्त्याने जातो. राहिले ते ऑर्का, मध्यस्थ आणि मध्यस्थाने निवडलेला रस्ता. सर्वांनी पहिल्याच संशयिताला पकडून दोनदा फाशी दिली होती.

मी मुलीला विचारले, यंत्र पूर्वी कोणी जुळवून दिले होते का? तिने सांगितले, "हो मॅडम, माझ्या आधी येथे शिकलेल्या एका दादांनी. तेव्हा आवाज उशिरा यायचा, अक्षर दाबल्यावर थांबून थांबून. त्यांनी मधले काहीतरी काढून टाकले." हे 'मधले काहीतरी' म्हणजे पल्सऑडिओ. पडदा-वाचकाला विलंब खपत नाही. गाणे अर्धा सेकंद उशिरा सुरू झाले तर कोणाला कळत नाही, पण प्रत्येक कळ दाबल्यावर अर्धा सेकंद थांबायचे असेल तर टंकलेखन अशक्य होते. त्या दादाने सेवक काढून टाकला होता, मध्यस्थाला थेट अल्साचा रस्ता दाखवला होता आणि अल्साच्या फाइलीत लिहिले होते की नेहमीचे कार्ड म्हणजे कार्ड ०. त्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते. त्याच्या दुरुस्तीवर ते यंत्र इतकी वर्षे बोलत राहिले.

प्रॉक या कप्प्यातील असाउंड/कार्ड्‌स ही फाइल उघडली. चार ओळी, दोन कार्डे. ० वर एचडीएमआय, म्हणजे पडद्याच्या तारेतून जाणारा आवाज. १ वर पीसीएच, म्हणजे हेडफोनचे कार्ड. जुन्या कर्नेलमध्ये हा क्रम उलटा होता.

शिक्षकांना हे समजावायला उदाहरण शोधावे लागत नाही. हजेरीपटातला अनुक्रमांक हे मुलाचे नाव नव्हे. जूनमध्ये वर्गात एक नवा मुलगा आला, आडनाव वर्णानुक्रमात आधीचे निघाले, की सगळे क्रमांक सरकतात. तुम्ही गेल्या वर्षीच्या यादीवरून 'क्रमांक १ च्या पालकांना' पत्र धाडले तर ते भलत्याच घरी जाईल. कार्डांना क्रमांक मिळतो तो ज्या क्रमाने ती कर्नेलला सापडतील त्या क्रमाने, आणि तो क्रम तसाच राहील अशी हमी कोणी दिलेली नाही. दादाने ० ऐवजी पीसीएच हे नाव लिहिले असते तर क्रमांकांची ही उलथापालथ त्याला बाधली नसती. अल्सामध्ये नावाने कार्ड सांगता येते. मी वाचलेल्या उपायांच्या याद्यांत क्रमांक लिहायला सांगणाऱ्या अनेक होत्या. नाव लिहा असे सांगणारी एकच.

येथे पत्र भलत्या घरी गेले, पण ते घरात कोणी घेतलेही नाही. अशा यंत्रातल्या एचडीएमआय कार्डावरची उपकरणे क्रमांक ३ पासून सुरू होतात. ० क्रमांकाचे उपकरण तेथे नसतेच. मध्यस्थाने कार्ड ० वर उपकरण ० मागितले, ते मिळाले नाही, त्याने आपल्या नोंदवहीत 'अशी फाइल वा कप्पा नाही' अशा अर्थाची एक ओळ लिहिली आणि तो गप्प बसला. ती नोंदवही मी उघडली तेव्हा त्यात सोमवार सकाळपासूनच्या त्याच त्या ओळीच्या कितीतरी प्रती होत्या. मुलगी दरवेळी कळ दाबत होती आणि यंत्र दरवेळी इमानाने लिहून ठेवत होते, की मला बोलता येत नाही.

माझी खरी तक्रार येथे आहे, आणि ती उपायांच्या याद्यांपेक्षा यंत्रणा रचणाऱ्यांविरुद्ध जास्त आहे. दोष कळलेला होता. सांगितलाही होता. तो ज्या ठिकाणी सांगितला तेथे पोहोचण्याचा त्या मुलीचा एकमेव रस्ता म्हणजे तोच आवाज, जो बंद पडला होता. दुसरे उदाहरण देते. पाइपवायरचे व्यवस्थापन करणाऱ्या वायरप्लंबर या प्रोग्रॅमने २०२४ मध्ये ०.५ या आवृत्तीत आपल्या जुळणीच्या फाइलींची भाषा बदलली. जुन्या लुआ भाषेतल्या फाइली तो आता वाचत नाही. तसा इशारा तो देतो. कोठे? यंत्रणेच्या रोजनिशीत. ज्याने कधी हाताने जुळणी केली आहे अशाच माणसाला याची गरज आहे हे खरे, पण शाळेच्या यंत्रावर जुळणी करणारा कधीच पास होऊन गेलेला असतो आणि वापरणाऱ्याला रोजनिशी असते हेच ठाऊक नसते.

हे असेच असायला हवे असे नाही. पुण्यात वाढलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले टी. व्ही. रामन यांनी १९९५ मध्ये ईमॅकस्पीक प्रसिद्ध केला. रामन यांना दिसत नाही, आणि गणिताची सूत्रे ऐकून समजावीत यासाठीच्या त्यांच्या यंत्रणेवर त्यांना १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. ईमॅकस्पीक सुरुवातीला बोलत असे तो डेकटॉकसारख्या बाहेर जोडायच्या पेटीतून. ही पेटी सिरिअल पोर्टला लागे. साउंड कार्डाशी तिचा काहीच संबंध नव्हता, त्यामुळे ध्वनीचा ड्रायव्हर कोसळला तरी यंत्र बोलून सांगू शकत असे की ड्रायव्हर कोसळला. पेट्या महाग होत्या आणि पुढे सॉफ्टवेअरमधला आवाज फुकट मिळू लागला. कोणीही फुकटाचाच निवडेल, मीही निवडला असता. त्या बदलात एक स्वतंत्र साक्षीदार कमी झाला, याची मात्र त्या दोन संध्याकाळच्या वाचनात मला कोठेच नोंद दिसली नाही.

दुरुस्ती म्हणून मी नवे काहीच लिहिले नाही, फक्त जुने काढले. नव्या आवृत्तीबरोबर पाइपवायर आलेलाच होता. अल्साच्या फाइलीतली ओळ काढली, मध्यस्थाचा रस्ता सेवकाकडे वळवला, दोन्ही मूळ फाइली तारीख घालून बाजूला ठेवल्या. मग ऑर्का सुरू करण्याआधी मध्यस्थालाच एक शब्द बोलायला लावला. तो बोलला. नंतर ऑर्का. मुलगी पाच मिनिटे भराभर टंकत राहिली आणि म्हणाली, उशीर होत नाही. दादाच्या उपायाची गरज आता उरली नव्हती. तो उपाय यंत्रात आहे हे कोणी लिहून ठेवले असते तर माझीही उरली नसती.

आणखी एक गोष्ट कळली. रविवारी नवी आवृत्ती चढवताना यंत्राने विचारले होते: ही फाइल तुम्ही बदललेली आहे, जुनी ठेवू की नवी घालू? चढवणाऱ्याने नुसते एंटर दाबले होते. एंटरचा अर्थ 'जुनी ठेवा' असा असतो. प्रश्न योग्य आहे आणि दोन फाइलींतला फरक दाखवण्याची सोयही तेथेच आहे. पण शंभर पॅकेजांच्या धबधब्यात तो प्रश्न वाहून जातो.

निघण्यापूर्वी आम्ही एक जुगाड केले. त्या जुन्या पेटीत मदरबोर्डाला जोडलेला छोटा भोंगा अजून आहे. सुरू होताना 'टुक' करतो तो. त्याचा रस्ता साउंड कार्डातून जात नाही. लॉगिन झाल्यावर नेहमीच्या रस्त्याने एक छोटी ध्वनिफाइल वाजवायची आणि वाजवणारा प्रोग्रॅम 'जमले नाही' असे सांगत परत आला तर भोंग्याने तीनदा वाजायचे, असा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. मी चुकीचे कार्ड सांगून पाहिले. भोंगा वाजला. मैत्रीण खूश झाली.

मुलगी जरा थांबून म्हणाली, "पण मॅडम, सगळे बरोबर असेल आणि कोणीतरी आवाज शून्यावर ठेवला असेल, तर प्रोग्रॅम म्हणेल जमले. मग भोंगा नाही वाजणार ना?"

नाही वाजणार. अल्साच्या दृष्टीने शून्यावर ठेवलेला आवाज हा यशस्वी आवाज आहे. आकडे वेळेवर गेले, उपकरणाने घेतले, काम झाले. तिला सुचलेला मार्ग असा: हेडफोनच्या कपात मायक्रोफोन ठेवायचा, १,००० हर्ट्‌झचा स्वर वाजवायचा, त्याच वेळी ध्वनिमुद्रण करायचे आणि त्यात १,००० हर्ट्‌झ सापडतात का ते पाहायचे. सापडले नाहीत तर भोंगा. ग्रंथालयातला पंखा किती गोंधळ घालील हे अजून पाहिलेले नाही. चाचणी परीक्षा संपल्यावर मायक्रोफोन घेऊन मी पुन्हा जाणार आहे.